हरकत कोणाचीच नाही

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत अंगद नोकरी सांभाळून लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा. जगभरच्या हौशी मंडळींनी बनवलेली, सगळ्यांना फुकट मिळणारी प्रोग्रामिंगची एक भाषा होती. ती कोणकोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अधिकृतपणे चालणार, हे ठरवणाऱ्यांत तो एक. नियम साधा होता: जिची जबाबदारी घ्यायला माणूस उभा आहे, तीच सिस्टिम ठेवायची. जुन्या ३२-बिट कॉम्प्युटरांच्या सिस्टिममागं एकटा अंगद उभा होता, कारण त्याची धाकटी बहीण शीला पिशोरच्या शाळेत तसल्याच कॉम्प्युटरांवर ही भाषा शिकवायची.

त्या दुष्काळी साली तो पार थकला. नळाला आठवड्यानं पाणी, ऑफिसात कामाचा डोंगर, आणि दर नव्या आवृत्तीची चाचणी नेमकी त्याच्याच जुन्या मशीनवर बोंबलायची. सगळे त्याच्यापायी खोळंबायचे. शेवटी त्यानंच ती सिस्टिम वगळायचा प्रस्ताव लिहिला. धाडण्याआधी बहिणीला फोन तेवढा केला.

"शीला, सोडू का गं? लई दमलोय."

"तुला बरं वाटंल तसं कर, दादा."

झालं, गडी मोकळा! अहो, ज्या भावानं बापाशी भांडून शिकवलं, त्याला कुठली बहीण तोंडावर नाही म्हणते? एवढी साधी गोष्ट या शहाण्याला कळू नये. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही आणि सिस्टिम वगळली गेली.

पुढं सवड काढून तो पिशोरला गेला. कॉम्प्युटरांवर चादर घातलेली होती. शीलाची हुशार विद्यार्थिनी सुकेशनी कुठं दिसेना. तिचे आईबाप कामाला बाहेर गेले, तरी शहरातल्या मोफत कोर्सच्या परीक्षेसाठी शीलानं तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं.

"गेली करमाडला, आईबापासंग बिल्डिंगीच्या कामावर," शीला म्हणाली. "परीक्षा इथनंच द्यायची व्हती. परीक्षेला भाषेची नवीच आवृत्ती पायजे. आपल्या मशीनवर ती चढलीच नाय."

"अगं, मग मला सांगायचं ना!"

"तू दमलो म्हणलास. काय सांगू?"

अंगदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी परत जबाबदारी घेतो. चालू करतो सगळं."

"परीक्षा झाली, दादा." शीलानं चादर नीट केली. "जाताना तुला नमस्कार सांगून गेली ती. अंगददादामुळंच एवढं शिकले, म्हणली. मी तिला काय बी सांगितलं नाय."