रिगमोरचं विकाऊ घर

रिगमोर पश्चिमेच्या भिंतीला चुना मारत होती, आणि वारा तोच चुना उडवून तिच्या तोंडावर आणत होता. बीट काढायचे दिवस. रस्त्यावर वीतभर चिखल, बांधापलीकडं समुद्र गुरगुरत होता. मी ट्रॅक्टर बाजूला लावला आणि तिची शिडी धरून उभा राहिलो. सत्तरी उलटलेली बाई छपराला हात पोचेल एवढ्या उंचीवर उभी असली, की शेजाऱ्यानं तसंच पुढं जायचं नसतं.

"ओल्या भितीवर चुना धरतो व्हय, रिगमोर?" मी म्हणालो.

"न्हाई धरत. पण उद्या मानसं येनार हायती, येपे. उद्याच्यापुरता धरला तरी बास."

घर विकायला काढून तिसरं वर्ष चाललं होतं. तिचा नवरा होल्गर नायकोबिंगला, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. त्याच्या डोक्यातलं एकेक विझत गेलेलं. आधी गाईंची नावं गेली, मग माझं, आणि एक दिवस तिचं. आमच्या लोलांड बेटाच्या या कोपऱ्यातून तिकडं बस जायची ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. घर विकलं की रिगमोर कायमची तिकडंच जाणार होती. आश्रमासमोर एक म्हातारी मास्तरीण राहायची. तिनं माळ्यावरची खोली कधीच देऊ केली होती. भाडं नको, घर तेवढं झाडूनपुसून ठेव म्हणाली होती. पण रिगमोरनं खोली घेतली नाही. रिकामं घर ओल धरतं आणि ओल धरलेल्या घराला गिऱ्हाईक फिरकत नाही, असं दलालीण बेंटेनं तिच्या मनात पक्कं बसवलं होतं.

घर दाखवायचं म्हणजे लग्नाची पोर दाखवण्यापेक्षा वाईट. पोर निदान एका दिवसापुरती नटते. रिगमोरच्या घराला रोज नटावं लागे, कारण बेंटेचा फोन तासभर आधी यायचा. गवत कापून ठेव. पन्हळीतला पाला काढ. कौलांवरचं शेवाळ खरवड. खिडक्यांवर खाऱ्या वाऱ्याची खपली धरायची, ती दर दोन दिवसांनी धुऊन काढ. तळघरात पाणी झिरपायचं, ते पंपानं उपस आणि वर कुबट वास मरावा म्हणून शेगडी पेटती ठेव. आणि बघायला येणारी माणसं नेमकी मंगळवारी नाहीतर शुक्रवारी यायची. रिगमोरची बस दारावरून निघून जायची. माणसं चार खोल्यांतून फिरायची, इथं वारा लई आहे म्हणायची आणि परत जायची. शेवटच्या दोन महिन्यांत तर तिनं होल्गरचं तोंड बघितलं नव्हतं.

त्या रात्री वादळ झालं. सकाळी तिनं मला बोलावलं. पश्चिमेकडची चार कौलं उडाली होती आणि वरच्या खोलीत धार लागली होती. धारेखाली तिनं बादली ठेवली होती, भरली की रिकामी करत होती. कोपनहेगनहून नवराबायको दहाला यायची होती. मी छपरावर चढलो. दोन कौलं बसवली असतील-नसतील, तोवर आत फोन वाजला. मला वाटलं, बेंटेच.

रिगमोर बाहेर आली ती हातात ओलं फडकं घेऊन. आश्रमातून फोन होता. होल्गरला न्युमोनिया झाला होता, ताप उतरत नव्हता, येता आलं तर यावं म्हणत होते. एवढं सांगून ती परत आत जाऊन खिडकी पुसायला लागली. मी खाली उतरलो, तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला गाडीत बसवलं. कोट तिनं वाटेत घातला.

साक्सकोबिंग गावाच्या अलीकडं ती म्हणाली, "बादली ओतायची ऱ्हायली. गाडी फिरव."

मी गाडी पुढंच दामटली.

"येपे, गाडी फिरव म्हनते म्या. ती मानसं दहाला येत्यात. पानी जमिनीवर सांडंल. मग कोन घेनार त्ये घर? आन घर न्हाई गेलं तर म्या तिकडं जाऊ कशी?"

"तू आत्ता तिकडंच निघालीस न्हवं?"

ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. चाळीस वर्षं शेजारी राहून मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. होल्गरला आश्रमात सोडून आलो त्या दिवशीसुद्धा तिनं घरी येऊन आधी चुलीतली राख काढली होती.

होल्गर उशीला टेकून होता. छाती घरघरत होती, डोळे मिटलेले. ती कॉटच्या कडेला बसली आणि त्याच्या कपाळावर हात ठेवला. आदल्या दिवसाचा चुना अजून तिच्या नखांत होता. त्यानं तो हात धरून नाकाजवळ नेला. बराच वेळ हुंगला.

"पश्चिमेची भित?" तो म्हणाला.

"व्हय. पश्चिमेची."

"तिला दोन हात लागत्यात, रिगमोर."

वर्षभरात त्याच्या तोंडून तिचं नाव आलं नव्हतं. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो.

दुपारी आश्रमात बेंटेचा फोन आला. बादली भरून वाहिली होती, पाणी जिन्यावरून खालच्या बैठकीपर्यंत आलं होतं आणि ती नवराबायको दारातनंच माघारी गेली होती. बेंटे तासभर आधी कळवायला काय झालं होतं म्हणून विचारत होती. वर म्हणाली, आजच कौलं बसवली नाहीत तर हे घर पडेल.

"मग पडू दे," रिगमोर म्हणाली आणि फोन मला दिला.

ती परत आलीच नाही. मास्तरणीच्या माळ्यावर राहिली. तिचे कपडे आणि घोंगडी मी नेऊन दिली, पाणी बंद केलं, शेगडी विझवली. कौलं बसवून येतो म्हणालो, तर तिनं मला शपथ घातली. त्या घरापायी तू पण शिडीवर चढायचं नाहीस, म्हणाली. होल्गर त्या दुखण्यातून उठला. पुन्हा सगळं विसरला, पण तिच्या हातून जेवायला लागला.

हिवाळाभर घर तसंच राहिलं. पन्हळ तुटून लोंबायला लागली. तळघराचं तळं झालं. वसंतात गवत खिडकीला लागलं आणि भिंतीचा चुना पापुद्र्यासारखा निघाला. जाता-येता माझ्यानं तिकडं बघवत नसे.

मे महिन्यात युटलंडकडचा एक गवंडी आला. गवत तुडवत घराभोवती फिरला, छपराच्या भोकातून आभाळ बघितलं. त्याला असंच मोडकं घर हवं होतं, आपल्या हातानं उभं करायला. रंगवलेल्या घरात काय दडवलंय ते कळत नाही, म्हणाला. तीन आठवड्यांत व्यवहार झाला.

ही बातमी सांगायला मी नायकोबिंगला गेलो. रिगमोर होल्गरला वाटाण्याचं सूप भरवत होती. मी सगळं सांगितलं, गवंड्याचं बोलणंसुद्धा. तिचा चमचा मधेच थांबला. ती खिडकीबाहेर बघत राहिली, तिथून मास्तरणीचं छप्पर दिसत होतं.

"पडू दे म्हनायला मला तीन वर्सं का लागली, येपे?"

होल्गरनं तोंड उघडलं होतं. तिनं सुपावर फुंकर घातली आणि त्याला पुढचा चमचा दिला.