कॉलिनच्या वहीतलं सातवं उदाहरण

“शुक्रवार आला की माझे गुडघे माझ्याआधी जागे होतात,” रिकाम्या बरण्या पिशवीत भरता भरता क्वेता पुटपुटली. स्वतःशीच; पण चेक देशातल्या ब्रनो शहरातलं ते स्वयंपाकघर एवढंसं, की तिथं मनातलंही शेजारच्याला ऐकू जावं. तिच्या लेकीनं, बोहदानानं, ऐकलं आणि पावात कटलेट भरत राहिली.

दर शुक्रवारी दुपारी रानातल्या घरी जायचं आणि रविवारी मोडकी कंबर घेऊन परतायचं. गवत कापा, छपराला डांबर फासा, विहिरीचा पंप खोला. बोहदानाच्या वडिलांनी अकरा वर्षं विटा गोळा करून ते घर बांधलेलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बोहदानाला एक तरी रविवार नुसतं लोळायचं होतं. पण आईचा जीव त्या घरात अडकलाय, तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

टेबलाशी बोहदानाचा इंग्रज नवरा कॉलिन वही उघडून बसला होता. चेक भाषेतल्या ‘प्रोसीम’ या एका शब्दानं त्याला दोन वर्षं छळलं होतं.

“दुकानदार म्हणाला तर ‘काय हवंय?’ फोनवर ‘बोला’. आभार मानले की ‘त्यात काय एवढं’. ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ ताट पुढे करताना ‘घ्या’, दार धरलं की ‘आधी तुम्ही’. आमच्या इंग्रजीत याला सहा वाक्यं लागतात, आई!”

“उगाच फार बोलता तुम्ही लोक.”

“आणि साधं ‘प्लीज’? त्याचं एक उदाहरण द्या ना.”

“मीठ दे म्हण.”

“तसलं पुस्तकातलं नको. तुमच्या मनातलं सांगा.”

क्वेतानं हातातली बरणी खाली ठेवली. “लिही. प्रोसीम, आज घरीच राहूया.”

कॉलिन लिहायला लागला. बोहदानाचा हात मात्र थांबला. “आई, हे नुसतं उदाहरणच ना?”

“तुला तिथं आवडतं म्हणून मी आपली…”

“मला? अगं, मी तुझ्यासाठी येते!”

बोहदाना मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईतो हसत सुटली. पाठीवरचं पोतं कुणीतरी उचलून घेतल्यासारखं तिला हलकं वाटलं. क्वेतानं प्रवासासाठी बांधलेलं एक कटलेट सोडलं, शांतपणे चावा घेतला आणि म्हणाली,

“खरं सांगू? मला ते घर कधीच आवडलं नाही. तुझे बाबा होते तेव्हासुद्धा. विकून टाकूया.”