मागे ठेवलेलं खोकं

थंडीमावशी हे नाव पॅकिंगच्या बायकांनी ठेवलं होतं आणि ते चांगलंच चिकटलं होतं. बाहेर माणसं घामाने निथळत असली तरी या बाई आपल्या कानटोपी, दोन स्वेटर आणि जाड मोजे चढवून वावरायच्या. त्यांचाही नाइलाज होता. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या त्या कारखान्यात नमुन्यांची शीतखोली त्यांच्या ताब्यात होती आणि तिथे बारा महिने तापमान शून्याच्या आसपास असायचं.

काम सांगायला सोपं होतं. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमधलं एक खोकं मागे ठेवायचं. द्राक्षं तीच, टेबल तेच, थंडीही तेवढीच. कंटेनर बावीस दिवस समुद्रावर, खोकं बावीस दिवस मावशींच्या फळीवर. पलीकडे माल खराब निघाला तर इथलं खोकं उघडून बघायचं. तेही सडलेलं असेल तर द्राक्षं भरतानाच ओली होती, म्हणजे दोष पॅकिंगच्या टेबलाचा. खोकं ठणठणीत असेल तर दोष पुढचा: कंटेनरच्या यंत्राचा, नाहीतर कंटेनर भरणाऱ्याचा.

कंटेनर भरणारा मुकादम मावशींचा जावई होता.

त्याला तिथे लावलं होतं मावशींनीच. "माझ्या शब्दावर घ्या," असं त्या साहेबांना म्हणाल्या होत्या आणि चार वर्षांत जावयाने तो शब्द खाली पडू दिला नव्हता. चार माणसांचं काम एकटा ओढायचा. खोड एकच, अतिकाळजीची. चहाच्या कपावर बशी झाकून वर रुमाल टाकणारा माणूस. मावशी त्याला चिडवायच्या, "जावईबापू, पाणी प्यायच्या आधी त्यालाही पांघरूण घाला."

शुक्रवारी दुपारी परदेशातून पत्र आलं. एका कंटेनरमधल्या एक तृतीयांश द्राक्षांना बुरशी लागली होती, देठ तपकिरी पडले होते. सोबत जहाज कंपनीचा तक्ता होता. बावीस दिवस यंत्र तासातासाला नीट चाललं होतं. म्हणजे यंत्र सुटलं. उरले दोघे.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "सोमवारी दहा वाजता ग्राहकाचा माणूस येतोय. त्याच्यासमोर खोकं उघडायचं. टेबलाची चूक निघाली तर त्या टेबलावरच्या सगळ्या बायका बदलीन. भरणीची निघाली तर मुकादम घरी. मी कुणाचीही गय करणार नाही."

मावशींना खोकं उघडून बघायची गरजच नव्हती. चूक कुणाची ते त्यांना तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाऊक होतं.

झालं असं होतं, की त्या आधीच्या खेपेला छतावरून ठिबकलेल्या पाण्याने काही खोकी भिजली होती. म्हणून या वेळी जावयाने दाराकडच्या शेवटच्या रांगांवर प्लास्टिकचा कागद पसरला, कडा नीट खोचल्या आणि मग दार लावलं. एका रात्री लेकीकडे जेवताना त्याने हे कौतुकाने सांगितलं तेव्हा मावशींचा घास हातातच राहिला.

"अहो, कंटेनरमध्ये गार वारा खालून येतो," त्या म्हणाल्या. "खोक्यांमधून वर चढतो आणि छताखालून परत जातो. तुम्ही त्याची वाटच बंद केलीत."

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. पण जहाज सकाळीच सुटलं होतं. आता काय करणार? मावशी, लेक आणि जावई, तिघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. कदाचित निभावून जाईल, असं प्रत्येकाने मनातल्या मनात धरलं. पलीकडच्या हमालांनी तो कागद ओढून फेकला असणार, कारण पत्रात त्याचं नावही नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी लेक आली. चप्पल काढायच्या आधीच तिने विचारलं, "आई, खोलीची किल्ली तुझ्याकडेच असते ना?"

"असते. का गं?"

"ते खोकं दोन दिवस बाहेर राहिलं तर काय होईल?"

"सडेल."

"मग तेच म्हणतेय मी."

"ते खोकं चष्मेवालीच्या टेबलावर भरलंय, तिच्या हाताखाली चौदा बायका आहेत," मावशी म्हणाल्या. "सहा वर्षं मी त्यांच्यात उभी राहून द्राक्षं भरलीत."

"चौदा असतील. तुला लेक मी एकच आहे."

एवढं बोलून ती गेली. चहासुद्धा घेतला नाही.

शनिवारी कारखाना दोनला सुटला. सगळे गेल्यावर मावशींनी शीतखोली उघडली, खोकं काढलं आणि बाहेरच्या टेबलावर ठेवलं. समोर स्टुलावर बसल्या. ठरवून आल्या होत्या. खोकं इथेच ठेवायचं, घरी जायचं, सोमवारी पहाटे परत आत सरकवायचं. इतकं सोपं पाप त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खोक्याला बाहेरून घाम फुटला. मावशींनी झाकण उचललं. आत घड कागदात गुंडाळलेले होते आणि प्रत्येक कागदाचं टोक आत दुमडलेलं होतं, चष्मेवालीच्या शिस्तीप्रमाणे. टोक बाहेर राहिलं तर ती बाई भर टेबलावर लाज काढायची. मावशींचीही काढली होती. एक घड त्यांनी सोडवला. देठ हिरवागार होता.

त्यांना राग आला. जावयाचा आला, लेकीचा आला, त्या मेल्या प्लास्टिकचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. त्यांनी घड पुन्हा गुंडाळला, टोक आत दुमडलं, कानटोपीने खोकं पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. खोलीतून काही बाहेर काढलं की वहीत लिहायचा नियम होता. नऊ वर्षांत त्यांनी तो कधी मोडला नव्हता, त्या दिवशी मोडला.

रविवारी लेकीचा फोन आला. "काढलंस?"

"खोकं जागेवर आहे."

पलीकडून फोन ठेवला गेला.

सोमवारी दहाला साहेबांनी खोकं उघडलं. पॅकिंगच्या बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. चष्मेवाली चष्मा पुसत होती, पुसून झाल्यावरही पुसत होती. ग्राहकाच्या माणसाने एकेक घड उजेडात धरला, मग एक मणी तोंडात टाकला, मग आणखी दोन टाकले.

"माल उत्तम आहे," तो म्हणाला.

साहेबांची मान जावयाकडे वळली. त्यांनी तोंड उघडायच्या आतच तो पुढे झाला. "वर प्लास्टिक मी टाकलं होतं साहेब. पाणी ठिबकू नये म्हणून. भरणाऱ्या हमालांचा दोष नाही, मीच खोचलं."

"उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले. पुढे आणखी बोलणार होते, पण त्यांची नजर मावशींकडे गेली आणि ते ऑफिसात निघून गेले.

संध्याकाळी जावई एकटाच दारात उभा राहिला. मावशींनी मनाची तयारी केली. ओरडला तर ओरडू द्यायचं, त्याचा हक्कच होता. तो आत आला आणि खुर्चीत बसला.

"आई, एक सांगायचंय. ही मला म्हणाली होती, आई बघेल काय ते. मला कळलं होतं ती काय म्हणतेय ते. मी नको म्हणालो नाही."

मावशींनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली.

"खोकं सडलेलं निघालं असतं ना, तर मी गप्प बसलो असतो. त्या चौदा जणी गेल्या असत्या आणि मी दुसऱ्या दिवशी कामावर आलो असतो. आज खरं बोललो, पण खोकं चांगलं निघालं म्हणून बोललो. सकाळपासून हेच डोक्यात आहे."

मावशी उठल्या, स्वयंपाकघरापर्यंत गेल्या, रिकाम्या हाताने परत आल्या.

"शनिवारी मी ते बाहेर काढलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

त्याने मान वर केली. "किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"अकराच?" तो हसला आणि हसताहसता त्याचे डोळे भरून आले.

"अकरा," मावशी म्हणाल्या. "आणि त्यातली दहा मी खोकं तिथेच ठेवणार होते."