दोन घरांचा तारा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, दिवस मावळला आहे, तुम्ही शाळेच्या पटांगणात उभे आहात आणि आख्खं आकाश तुमच्या हातात मावतं आहे.

ते हातातलं आकाश म्हणजे मी. मी एक जुनी, तारे ओळखण्याची पत्र्याची चकती आहे. केज तालुक्यातल्या एका शाळेत राहते. राधाकिशन गुरुजींनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला घडवलं. मला रंगवलं कलीमभाईंनी. ते एरवी ट्रकवर अक्षरं रंगवायचे.

"गुरुजी, खाली 'हॉर्न ओके' बी लिवू का?" त्यांनी विचारलं होतं.

किती मुलांनी मला फिरवून आकाश पाहिलं. प्रदर्शनात माझं कौतुक झालं. पुढे गुरुजी निवृत्त झाले, शाळेत मोठा पडदा आला आणि मी खिचडीच्या खोलीत तिखटाच्या डब्यावर झाकण होऊन बसले. शिंका तेवढ्या मला येत नाहीत, हे नशीब.

या हिवाळ्यात पाचवीत आरोही आली. तिची आई शिवकन्या इथलीच माहेरवाशीण. दवाखान्यात नर्सची नोकरी लागली म्हणून लेकीला घेऊन आली. वडील गेवराईकडे शेती पाहतात. शाळेच्या वाटेवर पारावर सुंदरराव आबा बसलेले असतात. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या पोराला विचारतात, "कोणाचं रे तू?" इथल्या रीतीप्रमाणे आरोहीनं बापाचं नाव सांगितलं, "भागवतची."

"भागवत? आपल्या गावात न्हाई बा कोणी भागवत. मग तू पाव्हणी."

झालं. पोरांनी तेच नाव उचललं. "पाव्हणीला कशाला घेता खेळात? ती जाईल की चार दिवसांत." आरोहीनं आईला सांगून टाकलं, रविवारी मला गेवराईला सोड, मी इथं राहत नाही.

शनिवारी स्वयंपाकीण तुळजाबाईंनी मला तिच्या हाती दिलं. "घे, राखेनं घास जरा. हात चालला की डोकं शांत होतं." तिखट निघालं आणि तारे दिसू लागले. मला कोणी घडवलं ते तुळजाबाईंकडून कळताच आरोही मला घेऊन थेट राधाकिशन गुरुजींच्या दारात गेली. संध्याकाळी दोघं अंगणात उभी राहिली.

"ही आपली रोहिणी," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात तिला अल्फा टॉरी म्हणतात. अल्फा हे ग्रीक लिपीतलं पहिलं अक्षर. समूहातल्या सर्वांत ठळक ताऱ्याला बहुतेक तेच देतात. टॉरस म्हणजे वृषभ, बैल. टॉरी म्हणजे वृषभाची. ही लॅटिन भाषा."

"म्हणजे ताऱ्यांना बी विचारतात, कोणाचा तू?"

गुरुजी हसले. "विचारतात तर."

मग तिचं बोट बैलाच्या शिंगाच्या टोकावर थांबलं. "इथं दोन नावं कावून?"

"तो अग्नी. बीटा टॉरी, वृषभाचा. आणि गॅमा ऑरिगी, म्हणजे शेजारच्या सारथी समूहाचा. जुने लोक त्याला दोन्हीकडचा मानायचे. पुढं हद्दी आखल्या, तो वृषभाकडे गेला. पण मी कलीमला दोन्ही नावं लिहायला सांगितली."

"मग तो पाव्हणा कुठला?"

"कुठलाच नाही. दोन्हीकडं घरचा."

आरोहीनं त्या दोन्ही नावांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू टाकून देऊ नका. झाकण म्हणून वापरलंत तरी चालेल, पण अधूनमधून घासून बघा, खाली काय लिहिलं आहे ते.

रविवारी गेवराईची गाडी निघून गेली. सोमवारी आरोही मला काखेत मारून पारापाशी आली.

"कोणाची गं तू?"

"गेवराईच्या भागवतची. आन् इथल्या शिवकन्येची."

"शिवकन्येची? मंग आदी सांगायचं की, बाय. तू तर आपली भाची." आबा सरकले, पारावर जागा केली.

आरोही बसली. मग तिनं विचारलं, "आबा, तुमी कोणाचे?"

कित्येक वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. "हनुमानरावाचा," ते म्हणाले. मग हळूच बोलले, "आन् जानकीचा."

आरोहीनं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांचं बोट धरलं आणि बैलाच्या शिंगाच्या टोकावर, त्या दोन नावांपाशी नेऊन टेकवलं.