दाराचा टेकू

मापाच्या बाबतीत माझं कुणी ऐकत नाही असं नाही, मीच कुणाचं ऐकून घेत नाही. आमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडणारा प्रत्येक जॉब गेली वीस वर्षं माझ्या हाताखालून जातो. व्हर्नियर लावायचा, आकडा वाचायचा. बरोबर असेल तर कार्डावर सही, नसेल तर ज्याने तो केला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. कामगार पाठीमागे मला 'पोलीस' म्हणतात आणि समोर आक्का. वर्कशॉप नावाला माझ्या धाकट्या भावाचं. सगळे त्याला शेठ म्हणतात, मी गाढव म्हणते. तो दोन्हींना ओ देतो.

आमची अख्खी गल्ली तेल कंपनीवर जगते. कंपनी सरकारी, देशाचं सगळं तेल तीच काढते. ती यायच्या आधी इथे फक्त सायकलींची पंक्चरं निघायची, असं आमचे आप्पा सांगतात. मग कंपनीला बोल्ट लागले म्हणून बोल्टवाले आले. पाइप लागले म्हणून सरकारने पोलादाचा कारखाना काढला. वेल्डर लागले म्हणून शाळा निघाली, आणि त्या शाळेतली मुलं पुढे जाऊन पूल जोडायला लागली, बॉयलर जोडायला लागली. आता कंपनीला शिंक आली तरी आमच्या गल्लीला पडसं होतं. एवढं सगळं झालं, पण पंपातला नाजूक माल अजूनही बोटीने बाहेरून यायचा. आमच्या वाट्याला बोल्ट.

"आपल्याला बोल्टच जमतात," हे आप्पांचं ठरलेलं वाक्य.

ते वाक्य तसं आभाळातून पडलेलं नाही. तेवीस वर्षांपूर्वी आप्पांनी कंपनीसाठी पंपाची स्लीव्ह केली होती. स्लीव्ह म्हणजे काय, तर पंपाच्या दांड्यावर चढवायची पोलादी बाही. तिच्याभोवती ग्रीस लावलेली सुताची दोरी आवळून बसवतात, म्हणजे तेल बाहेर येत नाही. कंपनीने नमुना दिला, आप्पांनी हुबेहूब तसा पीस केला, आणि चाचणीत तो धो धो गळला. अहवालात आलं : 'देशी पोलाद या कामास अयोग्य.' आप्पांनी तो कागद वाचला, घडी घातली, आणि त्या दिवसापासून लेथला हात लावला नाही. गल्लीतला एक नंबरचा टर्नर होता हो माझा बाप! मोठा लेथ विकून टाकला. नमुना कंपनीने परत मागितलाच नाही, तो वर्कशॉपच्या दाराला टेकू म्हणून लागला. आप्पा आता ऐंशीचे आहेत. रोज सकाळी येऊन त्या दारापाशी खुर्ची टाकून बसतात, आणि भावाने नवीन काही करायचं म्हटलं की तेच वाक्य.

या वर्षी कंपनीने पुन्हा टूम काढली, की माल शक्यतो देशातच करून घ्यायचा. भाऊ धावत जाऊन स्लीव्हचं काम घेऊन आला. परदेशी कारखानदार ड्रॉइंग देत नाहीत, ते काय मूर्ख आहेत? त्यामुळे कंपनीच्या स्टोअरने नमुना पाठवला. नवं खोकं, तेलकट कागद, वर लेबल. मी मोजला. दोन्ही टोकांना पंचाहत्तर मिलिमीटर बरोबर, आणि मधे चौऱ्याहत्तर पूर्णांक छप्पन्न. मधला भाग आरशासारखा गुळगुळीत.

"आक्का, ही कंबर कशाला असेल?" भावाने विचारलं.

"तेल धरून ठेवायला," मी म्हटलं. "त्यांनी काहीतरी विचार करूनच ठेवली असेल ना! तुझ्यासारखे नाहीत ते."

त्याने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा मिटवलं. तीन दिवस खपून आम्ही ती कंबर अशी काढली की नमुना कुठला आणि आमचा कुठला, ओळखून दाखवा. कार्डावर मी झोकात सही केली.

चाचणीला कंपनीचे साहेब होते. गल्लीत त्यांना थेंबसाहेब म्हणतात, कारण पंप चालू केला की ते हातात घड्याळ धरून गळणारे थेंब मोजतात. मिनिटाला दहापर्यंत चालतात. आमचे त्यांना मोजावेच लागले नाहीत. धार लागली. दोरी आवळली तर ती फाटून बाहेर आली.

थेंबसाहेबांनी घड्याळ खिशात घातलं. माणूस वाईट नाही, पण बोलणं मोजून मापून.

"काम सुंदर आहे तुमचं. पोलाद कमी पडतं आपलं. तसा अहवाल देतो. शनिवारी बैठक आहे, तीन वर्षांची स्लीव्हची ऑर्डर बाहेर जाईल. तुमचं बोल्टचं काम चालू राहील."

घरी आल्यावर आप्पांनी भावाच्या तोंडाकडे बघितलं. नुसतं म्हणाले, "आपल्याला बोल्टच जमतात." मला इतका राग आला! पोलादाचा आला, साहेबांचा आला, आणि खरं सांगायचं तर बापाचाही आला.

गुरुवारी सकाळी भावजयीने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी वर्कशॉपला निघालेच होते.

"वन्सं, येताना सुरी आणाल का? ही बघा, अगदी अशीच आणा." तिने जुनी सुरी माझ्यापुढे धरली. पातं मधे घासून घासून नखाएवढं राहिलेलं.

"अशीच?" मी उखडले. आदल्या दिवशीचा सगळा राग त्या गरीब बाईवर निघाला. "अगं, डोकं आहे का ठिकाणावर? अशी सुरी कुठल्या दुकानात मिळते? ही काय जन्मतः अशी होती? वापरून झिजली म्हणून अशी—"

आणि मी पातं बोटांत धरून पाहिलं, टोकाला, मग मधे.

"काय झालं?" भावजय घाबरली.

चपलासुद्धा उलट्यासुलट्या घालून मी पळत सुटले. वर्कशॉपमध्ये नमुना काढला, खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही टोकं पंचाहत्तर. जिथे दोरी बसते बरोबर तेवढाच भाग कमी. भिंग लावलं तर त्या आरशावर बारीक बारीक गोल रेषा होत्या, दोरीने घासून उमटलेल्या. कंबर कसली डोंबलाची! ती झीज होती. झिजून गळायला लागला म्हणून पंपातून काढलेला जुना पीस कुणीतरी धुऊनपुसून नव्या खोक्यात घातला होता, आणि मी त्याची झीजसुद्धा शंभराव्या भागापर्यंत मोजून नव्या पोलादात उतरवली होती. भावाने विचारलं होतं. त्या गाढवाने विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं होतं.

भावाला सांगितलं. तो लेथ बंद करून स्टुलावर बसला.

"आता गप्प बस आक्का," तो म्हणाला. "हात जोडतो तुझ्यापुढे."

"का म्हणून?"

"अहवालात काय येतंय? काम सुंदर, पोलाद खराब. आपलं नाव शाबूत राहतं. तू जाऊन सांगितलंस तर काय येईल? यांना नवा आणि जुना पीस ओळखता येत नाही. मग बोल्ट तरी कोण देईल आपल्याला? बारा माणसं आहेत इथे."

"आणि तीन वर्षं सगळ्या स्लीव्ह बाहेरून येणार. पोलाद खराब म्हणून. जे खराब नाहीच."

"पोलादाला घरदार नाही. आपल्याला आहे."

बोलला ते खोटं नव्हतं. मला दिवसभर घास गेला नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांची चूक चव्हाट्यावर आणली होती. कुणी म्हटलं, आक्का, एवढं चालवून घ्या, तर मी त्याला उभा सोलला होता. आणि आता माझ्यावर आलं तर झाकून ठेवायचं? कुठल्या तोंडाने मी उद्या कुणाचा जॉब परत करणार होते?

शुक्रवारी सकाळी नमुना आणि आमचा पीस पिशवीत घातला आणि कुणाला न सांगता कंपनीत गेले. थेंबसाहेबांच्या टेबलावर अहवाल टाइप होऊन पडला होता. सही व्हायची होती.

"साहेब, पोलादाची चूक नाही," मी उभ्याउभ्याच म्हटलं. "माझी आहे."

त्यांनी ऐकून घेतलं. मग खणातून स्वतःचा व्हर्नियर काढला, नमुना टोकाला मोजला, मधे मोजला, भिंगातून पाहिला. मग उठून कपाट उघडलं आणि टेबलावर एकेक फाइल ठेवायला लागले. अकरा झाल्या. अकरा वर्कशॉप, अकरा वेगवेगळे भाग, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य. पोलाद अयोग्य.

"चला," ते म्हणाले.

आम्ही स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपर म्हातारा, निवृत्तीला आलेला. साहेबांनी विचारलं, नमुने कुठून देता?

"भंगाराच्या पेटीतून," तो सरळ म्हणाला. "नवा कसा देणार साहेब? नवा बाहेरून आलेला, सीलबंद, हिशोबातला. तो द्यायला चार सह्या लागतात. जुन्याला कोण विचारतंय? घासूनपुसून देतो की चांगला. परतसुद्धा मागत नाही आम्ही."

"कधीपासून चाललंय हे?"

"मी लागलो तेव्हा हीच पद्धत होती. अठ्ठावीस वर्षं झाली."

परतसुद्धा मागत नाही. डोळ्यांसमोर आमचं दार आलं.

ऑफिसात परत आल्यावर थेंबसाहेबांनी टाइप केलेला अहवाल मधोमध फाडला. "तुमची चूक मला लिहावी लागेल," ते म्हणाले.

"लिहा ना. पण आमच्या एकट्याची नका लिहू."

"नाही. आधी आमची लिहितो." आणि पेन उघडून म्हणाले, "उद्याची बैठक पुढे ढकलतो. बुधवारी सरळ स्लीव्ह घेऊन या. त्याच पोलादाची. गळली, तर बोल्टचं मी काही सांगू शकत नाही."

मी वर्कशॉपला पोहोचले तेव्हा आप्पा खुर्चीतच डुलक्या घेत होते. मी हळूच दाराखालचा टेकू काढला, तिथे वीट लावली. मागे नेऊन रॉकेलमध्ये गंज धुतला आणि मोजला. मोजून फडक्यात गुंडाळून खणात ठेवला आणि कुलूप लावलं. आप्पांना काही सांगितलं नाही. बुधवारी आमची स्लीव्ह गळली असती तर त्या माणसाला दुसऱ्यांदा तेच ऐकावं लागलं असतं, आणि ते बघायची माझी छाती नव्हती.

भाऊ माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पण स्लीव्ह त्यानेच केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पंचाहत्तर मिलिमीटर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मोजली. कार्डावर नुसती सही केली.

बुधवारी थेंबसाहेबांनी घड्याळ हातात घेतलं. पंप सुरू झाला. एक थेंब. मग दुसरा. मिनिट संपलं तेव्हा चार झाले होते. त्यांनी दोन तास पंप चालू ठेवला आणि प्रत्येक दहा मिनिटांनी मोजलं. चारच. भाऊ माझा हात इतका घट्ट धरून उभा होता की नंतर बोटं निळी पडली.

"तुझंच खरं, गाढवा," मी त्याला म्हटलं. "कंबर कशाला, हे तूच विचारलं होतंस."

थेंबसाहेब म्हणाले, त्या अकराही जणांना नवे नमुने पाठवतोय, सीलबंद पेटीतले. त्या चार सह्या मी आणतो.

वर्कशॉपला आलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बाराही जण हात थांबवून बघत होते. मी खण उघडला, टेकू काढला आणि आप्पांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय? दाराला वीट कुणी लावली?" आप्पा कुरकुरले.

"आप्पा, आमची स्लीव्ह पास झाली. आपल्याच पोलादाची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, भावाकडे बघितलं. मी स्टोअरचं सगळं सांगितलं. भंगाराची पेटी, चार सह्या, अठ्ठावीस वर्षं. ते ऐकत होते आणि अंगठा त्या पोलादावरून फिरत होता, टोकाकडून मधे, मधून टोकाकडे. टर्नरचा अंगठा तो. मधे येऊन थांबला.

"रोज सकाळी पायाने सरकवायचो हा," ते म्हणाले. "तेवीस वर्षं. एकदा वाकून पुन्हा हात लावला असता तर कळलं असतं."

मला रडू आवरेना. भाऊ तोंड फिरवून उभा राहिला.

"व्हर्नियर आण," आप्पा म्हणाले.

मी आणला. त्यांनी स्वतःच्या हाताने लावला, आणि लावला बरोबर. मग माझ्यापुढे धरला.

"मला दिसत नाही आता. वाच."

"एकोणनव्वद पूर्णांक अठ्ठ्याण्णव," मी वाचलं. त्यांनी दुसरं टोक धरलं. "एकोणनव्वद पूर्णांक अठ्ठ्याण्णव." मग मधे. "एकोणनव्वद पूर्णांक चौतीस."

"हळू काय बोलतेस? एरवी तर गल्लीला ऐकू जातं," आप्पा म्हणाले. "ती मशिनं बंद करायला सांग सगळी. आणि पुन्हा वाच, मोठ्याने."

भावाने मेन स्विच खाली ओढला. मी तिन्ही आकडे पुन्हा वाचले, गल्लीला ऐकू जाईल असे.