कार्डाची मागची बाजू

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. मुलांना कडेवर घेतलेल्या आया भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दाराशी चपलांचा खच पडला होता. मंचावर अकरा वर्षांचा एक मुलगा बसला होता. जन्मात एक शब्द बोललेला नव्हता. त्याच्यापुढे प्लायवूडची पाटी होती, पाटीवर सगळी अक्षरं आणि शेवटच्या ओळीत काना, मात्रा, वेलांट्या. समोर बसलेल्या अक्षरगुरूंनी त्याचं मनगट दोन बोटांत अलगद धरलं होतं. मुलाचं बोट टकटक अक्षरांवर पडत होतं आणि माइकपाशी बसलेला सेवक ती जोडून वाचत होता.

"मी मुका नाही. जग बहिरं आहे."

सभागृहातून एकच हुंदका उठला. कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंचावले.

"माउलींनो, आत्म्याला जीभ लागत नाही," अक्षरगुरू म्हणाले. त्यांचा आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा होता. "त्याला फक्त आधार लागतो. मी कोण? मी नुसता टेकू."

"टेकूची फी भारी आहे हो," तिसऱ्या रांगेत, शाळेतून आलेल्या बाईंच्या शेजारी बसलेला टेम्पोवाला पुटपुटला. त्याच्या मांडीवर त्याचा मुलगा होता आणि कानांवर दोन्ही हात दाबून डोलत होता. "आणि मला एक सांगा, या सगळ्या पोरांचे आत्मे एकाच क्लासला जातात का? मघापासून चौघांनी 'प्रकाश' लिहिलं. माझ्या पोराला आत्मा फुटला तर तो आधी पंख्याचं बटण मागेल."

बाईंना हसू आलं नाही. शाळेतल्या विशेष मुलांच्या वर्गावर त्यांना चौदा वर्षं झाली होती. त्या मंचावरच्या मुलाकडे बघत होत्या. बोट पाटीवर धावत होतं, पण मुलगा छताकडे पाहत होता. वीस वर्षं टायपिंग केलेला कारकूनसुद्धा एका बोटानं काम करताना खाली बघतो. आणि लिहिलेल्यात एक चूक नव्हती. त्यांच्या मुख्याध्यापकांच्या नोटिशीत चार असतात. हे त्यांना दिसत होतं, पण त्या उठून काय बोलणार होत्या? मुख्याध्यापकांशी त्या एकदा बोलल्या होत्या. ते म्हणाले होते, "बाई, पालकांची श्रद्धा आहे. आपल्याला काय करायचंय?"

करायचं होतं ते भिंगरीसाठी. सारखी गोल फिरते म्हणून घरच्यांनीच हे नाव पाडलेलं. वय नऊ. तिला बोलता येत नव्हतं. पण दोन वर्षं रोज तेच तेच करून घेत, कधी खाऊ, कधी झोका दाखवून बाईंनी तिला एक गोष्ट शिकवली होती. हवं ते चित्राचं कार्ड उचलायचं आणि समोरच्याच्या हातात द्यायचं. पाणी. शू. पुरे. झोका. तेवीस कार्डं झाली होती. पहिलं कार्ड यायला सात महिने लागले होते.

मग आई तिला घेऊन पाच आठवडे या शिबिराला गेली. पाटीवर भिंगरीनं लिहिलं, 'चित्रं नकोत. मी तान्ही नाही.' आईनं कार्डांची पट्टी शिवणयंत्राच्या खणात टाकली. तेव्हापासून भिंगरी स्वतःचं मनगट चावत होती. त्यावर पाटी म्हणाली, 'ही आत्म्याची तगमग.' आणि गेल्या आठवड्यात पाटीनं लिहिलं, 'मला निवासात ठेवा.' निवास म्हणजे अक्षरगुरूंचं दूरचं वसतिगृह. सोमवारी भिंगरी तिकडे जाणार होती.

शाळा सोडल्याचा दाखला मागायला आई आली, तेव्हा बाई बोलून बसल्या होत्या, "अहो, ती लिहीत नाहीये. तिला अक्षरओळख नाही."

आई शांतपणे म्हणाली होती, "बाई, तिनं मला 'आई' लिहिलं. हात मी धरला होता, गुरूंनी नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या तेवीस चित्रांत 'आई' आहे का?"

नव्हतं. आधी गरजेच्या वस्तू, मग माणसं, असा बाईंचा क्रम होता. त्या दिवसापासून हे वाक्य त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं.

आईनंच त्यांना आज बोलावलं होतं. "तुमचीच चित्रं घेऊन या. तुमच्या डोळ्यांनी बघा." जुनी पट्टी आईच्या घरी, म्हणून बाईंनी काल मधल्या सुट्टीत घाईघाईनं नवा संच केला. पुढे चित्र, मागे त्याचं नाव. कार्ड मुलाच्या तोंडासमोर धरलं की समोर बसलेल्या मदतनीसाला मागचं नाव दिसतं, कार्ड उलटून पाहावं लागत नाही. वर्गात असंच चालतं.

"शाळेच्या बाई आल्यात ना? या, या," अक्षरगुरूंनी मंचावरून हाक दिली. "आज गुरू बाजूला बसेल. आई मनगट धरेल, चित्र शंकेखोर दाखवतील. लेकरू काय लिहितं ते पाहू."

बाई मंचावर गेल्या. भिंगरी सभागृहाकडे तोंड करून बसली होती. समोर, लोकांकडे पाठ करून आई. पाटी दोघींच्या मध्ये आडवी. बाईंनी भिंगरीच्या खांद्यामागून हात पुढे काढून कार्ड तिच्या डोळ्यांसमोर धरलं. चित्र मुलीकडे, नाव आईकडे आणि लोकांकडे.

"कु... लू... प," सेवकानं वाचलं.

पुढच्या रांगांना मागचं नाव स्पष्ट दिसत होतं. कुलूप. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी सहज चित्राकडे पाहिलं आणि त्यांचे कान तापले.

चित्र गाईचं होतं.

काल घाईत दोन कार्डांच्या मागच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या होत्या. बाईंच्या मनात पहिल्यांदा आली ती लाज. एवढ्या लोकांसमोर चुकीचं कार्ड आणलं, चौदा वर्षं शिकवणारी बाई आणि साधं चिकटवता येत नाही. मग हळूहळू दुसरी गोष्ट उजाडली. भिंगरीसमोर गाय होती. तिच्या बोटानं कुलूप लिहिलं. कुलूप कोणाला दिसत होतं?

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की सेवकानं माइक पुढे केला. त्यांनी कार्ड उलटं करून लोकांना दाखवलं. "मी चिठ्ठी चुकीची लावली. मुलीला गाय दिसत होती."

अक्षरगुरूंनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि पंचपक्वान्नं वाढल्यासारखे हात पसरले.

"माउलींनो, याहून मोठा पुरावा हवा? चर्मचक्षूंना गाय, अंतःचक्षूंना कुलूप. लेकरानं पुठ्ठ्याच्या आरपार वाचलं."

आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, आधीपेक्षा जोरात. बाई कार्ड तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. खोट्याला उघडं पाडलं तर ते आणखी भारी कपडे घालून उभं राहतं. अशा वेळी करायचं काय?

तिसऱ्या रांगेतून टेम्पोवाला उठला. "गुरुजी, आरपार दिसतं तर समोरचंही दिसत असेलच की. मागं काही नसलेलं चित्र दाखवा. तेवढं सांगू द्या पोरीला."

"संशयानं कंपनं मंदावतात."

"अहो, मघाशी चुकीच्या चिठ्ठीला बरी पळाली कंपनं."

काही जण हसले. अक्षरगुरू सेवकाकडे वळून पुढच्या मुलाचं नाव पुकारायला सांगत होते, तेवढ्यात आई बोलली. खुर्चीतून न उठता, मान वर न करता.

"दाखवा. मला बघायचंय."

बाईंनी कार्डांच्या मागे आपली वही धरली. आता आईला नाव दिसत नव्हतं, लोकांनाही नाही. आईनं मनगट धरलं. बोट पाटीवर घुटमळलं, एकदा पुढे, एकदा मागे, आणि थांबत थांबत लिहून गेलं. फूल. बाईंनी कार्ड फिरवलं. छत्री होती.

"पुन्हा."

घर. चित्र चमच्याचं.

"पुन्हा."

या वेळी बोट हललंच नाही. आई मनगटाकडे बघत राहिली. भिंगरी पंख्याकडे बघत होती, पहिल्यापासून तिकडेच बघत होती.

"मी ढकलत नव्हते," आई म्हणाली. "देवाशपथ, बाई. मी नुसता आधार देत होते."

"मला माहीत आहे. तुम्ही लबाडी केली नाहीत." बाई तिच्याजवळ खाली वाकल्या. शिवणकाम करणाऱ्यांच्या कपड्यांत कुठंतरी टोचलेली असते, तशी आईच्या बाहीला दोरा ओवलेली सुई होती. बाईंनी ती काढून दोऱ्याचं टोक आईच्या चिमटीत दिलं. "लोंबती धरा. हात स्थिर ठेवा. आता मनात फक्त म्हणा, डावी-उजवी, डावी-उजवी."

सुई थोडा वेळ थरथरली. मग डावीकडून उजवीकडे झुलू लागली, आधी जेमतेम, मग चांगली वितीएवढी.

"मी हलवत नाहीये," आई म्हणाली.

"तसंच वाटतं. मनात जे असतं ते हात करतो आणि आपल्याला कळवतही नाही. शिकलेल्यांचाही करतो, माझाही करतो. तिचं बोट तुमच्या मनातलं लिहीत होतं."

"म्हणजे 'आई' मीच लिहिलं."

बाईंना खोटं बोलावंसं वाटलं. किती सोपं होतं ते. शेजारी बसलेले गुरू खोट्यावरच तर पोट भरत होते. "हो," त्या म्हणाल्या.

आईनं सुई पुन्हा बाहीला टोचली. ती रडली नाही. "आणि 'निवासात ठेवा' हेही मीच?" तिनं स्वतःलाच विचारलं. "पाच आठवडे रोज ऐकत होते, निवास, निवास. आणि मी दमले होते, बाई. फार दमले होते."

भिंगरीनं मनगट तोंडात घातलं. दात रुतू लागले. बाईंनी घाईनं चार कार्डं पाटीवरच मांडली आणि बाजूला सरकल्या. भिंगरीनं मनगट सोडलं, पहिल्यांदाच खाली पाहिलं, एक कार्ड उचललं आणि आईच्या हातात कोंबलं.

"काय म्हणते?" सेवकानं सवयीनं माइक पुढे केला.

आईनं चित्र पाहिलं. "शू म्हणते," ती म्हणाली. मुलीला उचलून ती धावतच मंचाच्या पायऱ्या उतरली.

लोक खळखळून हसले. अक्षरगुरूही समंजसपणे हसले आणि पुढचं नाव पुकारलं. बाईंना वाटलं होतं, आता सभागृह रिकामं होईल. सात-आठ माणसं उठली, टेम्पोवाला त्यांतला एक. बाकीचे बसून राहिले आणि नावनोंदणीच्या टेबलाशी रांग होती ती तशीच. बाईंना त्यांचा राग आला. मग वाटलं, राग कोणावर धरायचा? यांतल्या किती जणांनी आधी शाळेचे उंबरे झिजवले असतील? त्यांना कोणी फॉर्म दिला असेल, कोणी पुढच्या वर्षी या म्हटलं असेल. आपणही त्या आईला सात महिने एकच सांगत होतो, धीर धरा. या माणसानं खोटं दिलं, पण दिलं तरी.

भिंगरीला घेऊन आई परत आली. मुलीच्या मनगटावर लाल वण होते, पण ती आईच्या ओढणीच्या टोकाशी खेळत होती.

"सोमवारी शाळेत आणते," आई म्हणाली. "माझा फोटो लावाल त्या कार्डांत?"

"लावते. पण ती तो उचलेलच असं नाही. वर्ष लागेल. कदाचित जास्त."

"आणि नाहीच उचलला तर?"

"तर माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मला खरंच माहीत नाही."

आईनं मान हलवली. मग ती रांगेकडे वळली. शेवटी एक तरुण बाई उभी होती, खांद्यावर चार वर्षांचं मूल आणि हातात भरलेला फॉर्म. तिनं आईला येताना पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ताई, नाव घाल की नको घालू, तुझी मर्जी," आई म्हणाली. "मीही कोणाचं ऐकलं नसतं. फक्त एक कर. गुरूंना सांग, माझ्या मुलाला एक वस्तू दाखवते, तेवढा वेळ तुम्ही दाराबाहेर थांबा. मग आत या, मनगट धरा आणि वस्तू कोणती ते लिहून घ्या. यात देवाचा अपमान नाही, गुरूचाही नाही. ते नाही म्हणाले, तर का नाही म्हणाले याचा घरी जाऊन विचार कर. पोर खरंच बोलत असेल ना ताई, तर धरणाऱ्यानं न पाहिलेलंही ते सांगेल."

त्या बाईनं रांग सोडली नाही. पण हातातला फॉर्म घडी करून तिनं पर्समध्ये ठेवला आणि गुरूंना बाहेर थांबवायचं तर दार कुठल्या बाजूला आहे ते पाहू लागली.