सात जणांची गाडी

लिलावात ती गाडी गुंडू मेत्रीनं घेतली तेव्हा ग्राउंडवरच्या पोलिसांना हसू आवरेना. नऊ वर्षं त्यानंच चालवलेली बोलेरो. "मेत्री, पगार घेऊन चालवलीस ते पुरलं न्हाई, आता पदरचे घालून चालवणार काय?" असं एकानं विचारलंही. गुंडू नुसता हसला आणि किल्ली घेतली. छपरावरचा लाल-निळा दिवा उतरवलेला, सायरन काढलेला, दारांवरची अक्षरं खरवडलेली. तरी उन्हात तिरकं बघितलं की ती वाचता येत होती.

गुंडूनं बत्तीस वर्षं पोलीस खात्यात ड्रायव्हरकी केली. पहिल्याच आठवड्यात एका साहेबानं त्याला बजावलं होतं, गाडीत जे ऐकशील ते गाडीतच ठेव. गुंडूनं ते असं मनावर घेतलं की पुढंपुढं तो ऐकेनासाच झाला. शेजारी साहेब फोनवर कुणाला झापतोय, मागं कुणी हात जोडून रडतंय, गुंडूची नजर रस्त्यावर. विचारलं तर बोलायचं, तेही "होय सार" किंवा "पोचू सार". ही सवय युनिफॉर्मबरोबर खुंटीला अडकवून ठेवता आली असती तर बरं झालं असतं.

त्याची बायको भीमाबाई बोलकी. भाजी चिरता चिरता दिवसभराचं सगळं सांगायची आणि तो "हं" म्हणायचा. नोकरी होती तोवर तिला वाटायचं, माणूस दमून येतो. तो रिटायर झाला, धारवाडजवळ नवनगरच्या दोन खोल्यांत दोघंच दिवसभर समोरासमोर बसायला लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की ही दमणूक नव्हे. आठेक महिन्यांनी लेक मायाचं बाळंतपण आलं म्हणून भीमाबाई दोन महिन्यांसाठी तिच्याकडं बेळगावला गेली. नातू सम्यक आता अडीच वर्षांचा झाला होता. परत येत नाही असं ती कधी म्हणाली नाही. ये असं तोही कधी म्हणाला नाही. भांडण झालं असतं तर मिटवायला काहीतरी सापडलं असतं.

गाडी नावावर झाल्यावर गुंडू ती घेऊन गोकुळ रोडला सरस्वतीच्या कुशनच्या दुकानात गेला. सरस्वती पन्नाशीची बाई. नवरा गेल्यावर दुकान तिनंच चालवलं होतं, आणि गिऱ्हाइकाशी अर्धं कानडी अर्धं मराठी बोलत हात चालवायची. तिनं मागचं दार उघडलं. आत दोन्ही बाजूंना समोरासमोर लोखंडी बाकं, वर फाटकं काळं रेक्झिन, पुढच्या आणि मागच्या भागाच्या मधे जाळी.

"काय करायचं याचं, अण्णा?"

"घरच्यासारखी करायची."

"घरात माणसं किती?"

"दोघं."

"दोघांना सात जणांची गाडी?" सरस्वती हसली. मग त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "बरं. जुन्या सीटा मिळाल्या तर निम्म्यात काम होतं. गुजरीत बघून येऊ."

गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात, त्यांना हवं ते दुसऱ्याच फेरीत सापडलं. तसलीच एक गाडी, पांढरी, घाटात पुढून चेपलेली. इंजिनाचा चेंदामेंदा झाला होता, पण आतलं सगळं शाबूत. "माणसं वाचली म्हणे," भंगारवाला न विचारता म्हणाला. मधली अखंड सीट, मागच्या दोन लहान सीटा, दारांचे पत्रे झाकणारी कव्हरं, छताचं कापड, डॅशबोर्ड, पट्टे, सगळं उतरवून टेम्पोत भरलं.

त्या सीटा गुंडूनं स्वतः घासून धुतल्या. फटींतून काय काय निघालं. शेंगांची टरफलं, केसांचा आकडा, लहान पोराचा एक मोजा, चघळून चपटी केलेली शीतपेयाची नळी. कुठल्यातरी घरातली माणसं इथं खात, झोपत, भांडत गेली होती. त्याच्या गाडीच्या बाकांखाली असलं काहीही नव्हतं. फक्त डाव्या बाकाच्या नळीवर एके जागी रंग उडून लोखंड चकचकीत झालेलं, बेडीची साखळी घासून घासून. गुंडूनं त्यावरून अंगठा फिरवला. नऊ वर्षांत मागं कोण कोण बसलं होतं, त्यातला एक चेहरा त्याला आठवेना. आरशात तो रस्ताच बघत आला होता.

बाकं निघाली, रबरी मॅट उचलली, आणि खालचा पत्रा गंजून चाळण झालेला दिसला. सीट बसवायची भोकंही जुळेनात, कारण पोलिसांच्या गाडीत मधली सीट कधी नव्हतीच. शेजारच्या म्हाताऱ्या रामू वेल्डरनं गंजका भाग कापून नवा पत्रा जोडला, खाली पट्ट्या मारल्या आणि मापं घेऊन नवी भोकं पाडली. एक बोल्ट आटे न पकडता तीनदा आडवा गेला. गुंडू गाडीखाली उताणा पडून नट धरत होता आणि सरस्वती वरून ओरडत होती, "बंतु, बंतु! आलं, अण्णा, आलं! आता आवळा!" बारा दिवस हे चाललं. इतक्या दिवसांत आपण रोज कुणाबरोबर तरी जेवलो, हे त्याला शेवटच्या दिवशी जाणवलं. सरस्वती डब्यातली अर्धी भाकरी न विचारता त्याच्या हातावर ठेवायची.

साहेबाची शेजारची सीट बदलली, वायरलेसच्या खड्ड्यासकट जुना डॅशबोर्ड गेला, छताला स्वच्छ राखाडी कापड लागलं. राहिली ड्रायव्हरची सीट. तिचा एका बाजूचा फोम पार बसला होता.

"हीपण टाकू काय?" सरस्वतीनं विचारलं.

"ती राहू दे. पाठीला सवय झालीया."

"सरी, राहू दे. आता बाईसाहेबांना फिरवा जरा."

गुंडूनं मान हलवली. बाई बेळगावात असते हे त्यानं बारा दिवसांत सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी तो निघाला. रस्ताभर एकच वाक्य मनात घोळवत होता. चल घरला. एवढंच. ते धारवाड सोडताना सोपं वाटत होतं, कित्तूरपर्यंत जड झालं, आणि मायाच्या दारात गाडी लागली तेव्हा त्याऐवजी त्यानं नुसता हॉर्न वाजवला.

भीमाबाई नातवाला कडेवर घेऊन बाहेर आली. गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली.

"ही ती चोरं बसवायची गाडी न्हवं?"

"व्हय. आता बदललीया."

तिनं मधल्या सीटवर तळहात टेकवून दाबून बघितला. "चांगली केलासा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "गाडी आणलायसाच, तर मला शेवंताच्या घरी नेऊन आणा. पुण्यानुमोदनाच्या कार्यालाबी मी एकटीच बसनं गेलते. पोरांस्नी बघून लई दिस झालं."

शेवंता तिची थोरली बहीण, खानापूरच्या बाजूला एका खेड्यात दिलेली. तो रिटायर झाला त्याच उन्हाळ्यात ती वारली होती. गुंडू "चल" म्हणाला. त्याच्या वाक्यातला एक शब्द तरी असा बाहेर पडला.

भीमाबाई सम्यकला घेऊन मधल्या सीटवर बसली. सीट तिच्यासाठीच बसवलेली, त्यामुळं पुढं बस असं त्याला म्हणता येईना. शेजारची जागा मोकळी. मागून तिचं बोलणं येत राहिलं, ही बघ म्हैस, ते बघ रेल्वेचं फाटक, आणि तो रस्ता बघत गाडी हाकत राहिला. बत्तीस वर्षं हेच केलं होतं.

शेवंताच्या घरापुढं गाडी थांबताच अंगणात गलका झाला. भाचा नागसेन धावत आला, शेजारणी आल्या, "जय भीम मावशी" करत सगळ्यांनी भीमाबाईला आणि पोराला उचलूनच आत नेलं. गुंडूनं गाडी मागंपुढं करून लिंबाच्या सावलीत लावली, काचा वर केल्या, उतरून बॉनेटला टेकून उभा राहिला. आत जायचं त्याच्या मनात होतं. पण माणसं आत गेली की ड्रायव्हरनं गाडीपाशी थांबायचं, हे पायांनाच ठाऊक होतं.

पंधरा-वीस मिनिटांनी एक तरणी बाई पदर सावरत कपबशी घेऊन आली. नागसेनची बायको मनीषा. त्यांच्या लग्नाला गुंडू बंदोबस्तामुळं आला नव्हता, तिनं त्याला पूर्वी पाहिलंच नव्हतं.

"डायवरमामा, चहा घ्या."

त्यानं चहा घेतला.

"मावशी जेवून जाणार हाईत. तुमचं ताट हितंच आणून देऊ?"

आता सांगायला हवं होतं. त्याला कळत होतं. पण ती इतक्या सहज विचारत होती, आणि उत्तर कधीचं ठरलेलं असल्यासारखं तोंडातून बाहेर पडलं, "चालंल."

ताट आलं. भात, आमटी, वांग्याची भाजी, वर एक पापड. गुंडू आपल्या जुन्या सीटवर दार उघडं टाकून बसला आणि मांडीवर ताट घेऊन जेवला. आतून हसण्याचा आवाज येत होता. भीमाबाईचं हसणं त्यानं कित्येक वर्षांत इतकं सलग ऐकलं नव्हतं. भाजी चांगली होती. त्याला अजून थोडी हवी होती, पण मागणार कुणाकडं?

तेवढ्यात भीमाबाई बाहेर आली. "आत पानं वाढल्यात आणि तुम्ही हितं..." म्हणता म्हणता तिची नजर ताटाकडं गेली. पाठोपाठ मनीषा आली होती. तिनं दोघांची तोंडं बघितली आणि जीभ चावली.

"मावशी, हे काका हाईत? अगं बाई! मी डायवर समजून..." ती ताट घ्यायला पुढं झाली, पण भीमाबाईनं तिला हातानंच आत जायला सांगितलं.

"तोंड न्हवतं तुम्हाला?" ती हळू म्हणाली. आवाज चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "मी हिचा काका हाय, एवढं सांगाय किती येळ लागतोय?"

"तिनं इचारलं न्हाई."

"मलाबी कुणी न इचारताच सांगाय लागलं. शेवंता गेल्याचा फोन आला, मी तुमच्याम्होरं येऊन सांगितलं, माझी भन गेली म्हणून. तुम्ही काय केलासा? उठून पंखा लावलासा." तिनं डोळ्यांना पदर लावला. "मी तीनदा सांगितलं. तुम्ही पंखा मोठा केलासा."

गुंडू ताट धरून बसून राहिला. ती आत गेली. थोड्या वेळानं नागसेन येऊन त्याला हाताला धरून आत घेऊन गेला, सगळ्यांनी पुन्हा जेवायचा आग्रह केला, मनीषा दहा वेळा चुकलं म्हणाली. तो ओशाळून हसत राहिला. भीमाबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

परतताना ती पुढं त्याच्या शेजारी बसली. मागं भाच्यानं तांदळाचं पोतं आणि दोन फणस भरले होते, सम्यक मांडीवर झोपला होता. चारेक मैल मागं पडले. मग गुंडू रस्त्याकडंच बघत म्हणाला,

"तुला घाम सुटला हुता."

"काय?"

"त्या दिवशी. फोन आला तवा. पार भिजलीवतीस. म्हणून पंखा लावला."

भीमाबाई त्याच्याकडं बघत राहिली. समोरून एक ट्रक आला, धूळ उडवून गेला.

"मग तवा सांगायचं की हो," ती म्हणाली. "पंखा कशाला लावलाय ते मला कसं कळणार?"

आता त्याला गप्प बसायची भीती वाटू लागली. म्हणून त्याच्याकडं जे होतं ते तो सांगू लागला. मधली सीट गुजरीत कशी मिळाली. पोराचा मोजा निघाला. खालचा पत्रा कुजलेला, बोल्ट तीनदा आडवा गेला. सरस्वती म्हणून एक बाई आहे, भाकरी फार पातळ करते. बोलायची सवय नसल्यानं तो मधेच अडायचा, बोल्टचं माप दोनदा सांगायचा. काही वेळानं त्यानं शेजारी बघितलं, तर भीमाबाईची मान खिडकीकडं कलली होती. तिला कधी झोप लागली, कितपत ऐकलं, त्याला कळलं नाही. आणखी थोडं, रामू वेल्डरचं, तो सांगत राहिला. मग थांबला.

मायाच्या दारात पोतं उतरवून झाल्यावर त्यानं अखेर विचारलं. "नवनगरला येतीस?"

"आता न्हाई. सम्यक शाळंत जाईपतोर तरी न्हाई. हितं दिवसभर कुणीतरी मला हाक मारतंय, आन मी ओ देतीया. मला त्याचीच सवय लागलीया." मग त्याच्या खांद्यावर पडलेली कसली तरी कुसळं तिनं झटकली. "तुम्ही येत जावा. ह्या रविवारी न्हाई, म्होरल्या."

"येतो."

ऊन उतरता उतरता तो नवनगरला पोचला. एक फणस तिनं त्याच्यासाठी गाडीतच ठेवला होता, तो काढून ओट्यावर ठेवला. मग दारातच उभं राहून त्यानं फोन लावला. मायानं उचलला.

"आई सम्यकला आंघोळ घालतेय, अप्पा. काही सांगू?"

गुंडूनं जरा विचार केला. "पोचलो म्हणून सांग. आणि सांग, कित्तूरच्या पुढं रस्त्याचं काम चाललंय. तिथं लई येळ थांबाय लागलं. एक बाई कणसं विकत हुती, भाजलेली. दोन घेतली."

मायानं आपल्या बापाला फोनवर एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"दोन कशाला, अप्पा?"

"चुकून," गुंडू म्हणाला.

त्यानं फोन ठेवला, आत जाऊन दिवा लावला, आणि सकाळचा भात गरम करायला ठेवला.